दयाळाच्या छातीवरची काडी

एक्क्याऐंशी साली लग्न होऊन मी हसनाबादहून अंबडला आले. माहेरी शेती होती, सासरी फोटो स्टुडिओ. बाजाराच्या मागच्या गल्लीत पुढे दुकान, मधे पडदा टांगलेली फोटो काढायची खोली आणि सगळ्यात मागे डार्करूम. आम्ही वर माडीवर राहत असू. माझे यजमान लग्नाच्या, साखरपुड्याच्या ऑर्डरी घेऊन एसटीनं गावोगाव फिरत. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, दुकानात बसून निगेटिव्ह साफ करत.

साफ करणं म्हणजे पुसणं नव्हे. त्यांच्यापुढे उतरत्या फळीचं एक लाकडी मेज असे. फळीत काच बसवलेली, काचेखाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून काचेतून वर यायचा. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं तिच्यावर बारीक ठिपके द्यायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं पांढुरका दिसतो. तो पेन्सिलीनं भरला की छापलेल्या फोटोतून डाग जातो. देवीचे व्रण, डोळ्यांखालचा काळसरपणा, उन्हातान्हात राबलेल्या कपाळावरच्या आठ्या, सगळं त्या टोकाखाली हळूहळू निवळत जाई.

लग्नाला दोन वर्षं झाली नि मामंजींचा हात थरथरायला लागला. त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. एका दुपारी मला खाली बोलावलं, मेजाशी बसवलं आणि हातात पेन्सिल दिली. चार महिने मी खराब झालेल्या निगेटिव्हवरच हात बसवला. त्यांचा एकच नियम होता. फोटो कितीही देखणा करा, पण त्या माणसाच्या घरच्या कुत्र्यानं तो पाहिला तर शेपूट हलवली पाहिजे.

पुढे काही वर्षांनी मला कावीळ झाली. फार अशक्तपणा आला, म्हणून महिनाभर माहेरी धाडलं. निघताना मी यजमानांकडे एक कॅमेरा मागितला. त्यांनी लांब लेन्सचा एक जुना कॅमेरा कुणाकडून तरी घेतला होता, पण लग्नाच्या मांडवात त्या लेन्सचा काही उपयोग होत नव्हता. तो कपाटात पडूनच होता. पथ्यावर राहून कंटाळा येईल तेव्हा शेताचे, आईवडिलांचे फोटो काढावेत एवढाच माझा विचार होता.

आमच्या शेताच्या खालच्या अंगाला ओढा आहे. त्याच्या काठानं झाडीचा एक पट्टा माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, कधीच मोडला नाही. झाडी गेली तर काठ खचून शेत वाहून जाईल, एवढंच त्यांचं म्हणणं असे. वर करंज, हिवर, बोरी, शिंदी. खाली टणटणी आणि तरवडाचं असं रान माजलेलं, की वासरू शिरलं तर शोधावं लागे. दिवस चढेपर्यंत आईनं मला त्या सावलीत बसायला सांगितलं. लहानपणी मी तिथून रोज येजा केली होती, पण बसले कधीच नव्हते. बसल्यावर कळलं, की ते सगळं खालचं रान बोलत असतं. टणटणीत कुणीतरी सारखं टुवीट टुवीट करी आणि दिसायचं मात्र काहीच नाही. फक्त एक पान हलायचं.

मी त्या आवाजांच्या मागे लागले. रोज सकाळी कॅमेरा गळ्यात घालून काट्यांतून वाकून फिरायची. अख्खा रोल संपला. एवढीशी पाखरं, क्षणभर फांदीवर, लगेच दुसऱ्या झुडपात. त्यात झाडीखाली उजेड कमी. शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवावं तर तेवढा वेळ पाखरू थांबत नसे. गावात बोलणं झालंच, की कावीळ हिच्या डोक्यात गेली वाटतं, पोरगी काट्याकुट्यात काय धुंडाळती.

आबा तीन दिवस लांबूनच पाहत होते. चौथ्या दिवशी औत सोडून ते माझ्याकडे आले.

"तू त्याच्या मागं कशाला पळून राह्यली, बाई?" ते म्हणाले. "त्याचं पाणी इथं हाय, किडे इथं हायेत. तू बस. त्येच येतंय तुझ्याकडं."

त्यांनी पाण्याच्या डबक्याशेजारी दोन बोरींच्या मधे गोणपाटं बांधली, खाली पेंढा टाकला आणि समोरच्या गोणपाटाला विळ्यानं एक भोक पाडलं. मी त्यात बसले. पहिल्या दिवशी मुंग्याच चावल्या. दुसऱ्या दिवशी सातभाईंची टोळी येऊन पाचोळा उलटापालटा करून गेली. मग एक नाचण आली, शेपटीचा पंखा उघडत मिटत. आणि आठवड्यानंतर, ऊन जरा तिरपं झालं असताना, समोरच्या तरवडाच्या आत दयाळ येऊन बसला. काळा कुळकुळीत, पोट पांढरं, शेपटी वर. त्यानं चोच उघडली आणि शीळ घातली. मी बटण दाबलं. शटरच्या आवाजानं तो उडाला, पण मला आतून वाटलं होतं, फोटो आला.

अंबडला परतल्यावर दयाळाचा रोल मामंजींनी स्वतः धुतला. वाळलेली पट्टी उजेडाला धरून त्यांनी भिंगातून एकेक चौकट पाहिली. छत्तीसपैकी पस्तीस फुकट होत्या. कुठे नुसती शेपटी, कुठे हललेला डाग. एकीवर ते थांबले.

"यात डोळा हाय," ते म्हणाले.

दुपारी दुकान बंद असायचं, तेव्हा आम्ही दोघं लाल दिव्याखाली ती चौकट छापायला बसलो. कागद ट्रेमधल्या औषधात बुडाला आणि कोऱ्या पांढऱ्यावर आधी पाठ आली, मग चोच, मग डोळ्यातला तो टाचणीच्या टोकाएवढा उजेड. हे मी माणसांच्या फोटोंत हजारदा पाहिलं होतं. तरी त्या दुपारी मला रडू आलं. मामंजी दुसरीकडे पाहत ट्रे हलवत राहिले.

फोटोत एकच खोट होती. तरवडाची एक वाळलेली पांढरी काडी दयाळाच्या काळ्या छातीवरून आडवी गेली होती. नजर सारखी तिच्यावर अडकायची. ही निगेटिव्ह पोस्टाच्या तिकिटाएवढी, तिच्यावर पेन्सिल चालणं शक्य नव्हतं. मी मोठा फोटो छापला, एका केसाच्या कुंचल्यानं काळा रंग ठिपक्याठिपक्यानं भरत ती काडी बुजवली, मागची दोन-तीन पानंही अंधारात ढकलली, आणि त्या फोटोचाच स्टुडिओतल्या मोठ्या कॅमेऱ्यानं पुन्हा फोटो काढला. त्याच्यावरून छापल्यावर हातकाम कुठे केलंय ते मलाही सापडेना. दयाळ एकटा, मोकळा, काळ्या मखमलीवर बसवल्यासारखा.

यजमानांनी तो जालन्यातल्या एका प्रदर्शनाला पाठवला. पहिला नंबर आला. आम्ही तो चौकटीत घालून दुकानात दर्शनी लावला. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याच्यापुढे उभं राही. मला त्याचा अभिमान होता, तो लपवून काय करायचं.

दोन-तीन महिन्यांनी आबा कचेरीच्या कामासाठी अंबडला आले आणि दुकानात टेकले. मी हौसेनं त्यांना फोटो दाखवला. डोक्यावरची टोपी मागे सारून ते बराच वेळ पाहत राहिले.

"पाखरू झ्याक आलंय," ते म्हणाले. "पण हे कुठं बसलंय?"

मी सांगितलं, आपल्याच ओढ्यावर, तरवडात.

"मंग तरवड कुठं गेला? असं उघड्यावर ते बसत न्हाई. बसलं तर शिकरा नेतो त्याला."

एवढं बोलून त्यांनी चहा घेतला आणि कचेरीत गेले. त्यांना कुणाला टोचायचं नव्हतं, गुराचा दात पाहून वय सांगावं तसं त्यांनी सांगितलं होतं. मला मात्र राग आला. काढताना काय कष्ट पडतात हे शेतकऱ्याला काय कळणार, असंही मनात येऊन गेलं. तो विचार मी तेव्हा कुणाला सांगितला नाही, पण तो आला होता.

त्याच्या पुढच्या श्रावणात पंचमीला मी माहेरी गेले. ओढ्याकाठी भोकरीच्या रोपावर शिंप्याचं घरटं होतं. शिंपी म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू, दोन पानांच्या कडा कापसाच्या धाग्यानं शिवून आत अंडी घालतं. घरटं जमिनीपासून हातभर उंच, टणटणीच्या पानांनी इतकं झाकलेलं, की नर-मादी दोघं आत शिरत तेव्हाच पत्ता लागे. मी गोणपाटाआडून दोन दिवस पाहिलं. प्रत्येक चौकटीत पानच पुढे येई.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी विळा घेऊन गेले. टणटणीचे दोन फोक कापले. भोकरीची एक फांदी दोऱ्यानं मागे ओढून बांधली. आता घरटं अगदी समोर, त्याच्यावर ढगाआडचं मऊ ऊन. पाखरं आधी बिचकली, मग पिलांच्या भुकेपुढे त्यांचं काही चाललं नाही. मादी चोचीत हिरवी अळी घेऊन आली, शेपटी उभी, आणि घरट्यातून तीन लाल तोंडं उघडली. मी रोल संपवला. दुसरा रोल घरी होता आणि आईनं दिंडं केली होती, जेवायला बोलावणं आलं होतं. तासाभरात येते म्हणून मी फोक, दोरा सगळं तसंच ठेवून गेले.

परत आले तेव्हा घरट्याजवळून एक भारद्वाज जडपणे उठला आणि ओढ्यापलीकडे गेला. भारद्वाज दिसला की आम्ही लहानपणी नमस्कार करायचो, दिवस चांगला जातो म्हणून. पानांची शिवण उसवली होती, धागे लोंबत होते, आत काही नव्हतं. शिंप्याची जोडी टणटणीच्या शेंड्यावर ओरडत होती. मादीच्या चोचीत अजून अळी होती. ती घरट्यापाशी यायची, आत पाहायची, परत जायची. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. दुसरा रोल हातातच होता.

आबा बैलांना पाणी पाजायला आले. त्यांनी घरटं पाहिलं, दोरा पाहिला, कापलेले फोक पाहिले.

"पानं तू बाजूला केल्ती का?"

मी हो म्हणाले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कमरेचा चाकू काढून दोरा कापला. भोकरीची फांदी सुटून आपल्या जागी आली. मग ते बैलांकडे वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "भारद्वाजाला दोष देऊ नको. त्याचीबी पिलं असतील."

दुसऱ्याच दिवशी मी अंबडला परतले. रोल आठ दिवस तसाच ठेवला. शेवटी मामंजींनी विचारलं, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ते काही वेळ पेन्सिलीला पॉलिश पेपरवर टोक काढत राहिले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणालाच माहीत नव्हती.

मी लग्न होऊन येण्याच्या बरीच वर्षं आधी जांब समर्थकडची एक बाई त्यांच्याकडे आली होती. तिचा नवरा गेला होता आणि त्याचा फोटो म्हणजे कुणाच्या तरी लग्नात काढलेला वीसेक माणसांचा घोळका, त्यात एका कोपऱ्यात तो. त्याचा तेवढा चेहरा मोठा करून हवा होता. माणूस एका डोळ्यानं अधू होता, पापणी खाली आलेली. मामंजींनी आठ दिवस खपून तो डोळा उघडला, दुसऱ्या डोळ्यावरून पाहून जसाच्या तसा. हाताची कमाल होती ती. बाईनं फोटो हातात घेतला, पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "फोटो लई चांगला झालाय, बाबा. पण हे आमचे न्हाईत."

"मी पुन्हा छापून दिला," मामंजी म्हणाले, "पापणी होती तशी. तवा ती रडली. पहिला फोटो पाहून रडली न्हवती."

मग त्यांनी माझा रोल धुतला. शिंप्याचे ते फोटो मी आयुष्यात काढलेल्या फोटोंपैकी सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात सुंदर निघाले. यजमान म्हणाले, हेही प्रदर्शनाला पाठवू. मी नको म्हणाले, कारण सांगितलं नाही. मामंजींनी एवढंच म्हटलं, की छाप, पण लोकांना दाखवायच्या आधी तू स्वतः पाहत जा. मी एक फोटो छापून मेजाच्या खणात ठेवला.

त्याच आठवड्यात मी दयाळाची मूळ निगेटिव्ह काढली आणि कशालाही हात न लावता पुन्हा छापली. म्हणजे अगदीच नाही असं नाही. छापताना तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती डोळ्यावर क्षणभर धरली, म्हणजे तिथं काळोख कमी उतरला आणि डोळा उजळला. तेवढं मी स्वतःला चालवून घेतलं. काडी छातीवर होती तशी, तरवडाची पानं होती तशी. दुकानातल्या चौकटीतला बक्षिसाचा फोटो काढून मी हा घातला. यजमान वैतागले. लोक म्हणतील यांना साधी काडी काढता येत नाही, मग आमच्या तोंडावरचे डाग काय काढणार. त्यांचंही चूक नव्हतं. धंदा होता. मामंजी तेव्हा मधे पडले आणि म्हणाले, "राहू दे. सूनबाईचा फोटो हाय, सूनबाईचं नाव जाईल."

पुढची पंधरा-वीस वर्षं मी वर्षातून दोन-तीनदा त्या झाडीत बसत आले. विळा पुन्हा नेला नाही. घरटं दिसलं तर तिथून उठायचं हे ठरवून टाकलं. त्यामुळे माझे फोटो पानांनी भरलेले असत. पानांच्या फटीतून अर्धी चोच, एक डोळा, शेपटीची सावली. प्रदर्शनांत त्यांना काही मिळालं नाही. पण कालांतरानं मला ती पानंच आवडायला लागली. पाखरू कुठे राहतं, कशाला भितं, हे त्या पानांवरून कळायचं.

मामंजी नव्वद सालाच्या आसपास गेले. दोन हजारनंतर दुकानात कॉम्प्युटर आला, आणि यजमान पन्नाशीत तो शिकले. ज्या काडीसाठी मी दोन दिवस कुंचला चालवला, तशी काडी आता माउसच्या दोन टिचक्यांत जाते हे त्यांनी मला मोठ्या कौतुकानं दाखवलं. मी जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या. वीस वर्षांत त्यांच्यावर धूळ बसली होती, चरे पडले होते. ते काढायचे, बाकी काही नाही, असं माझं ठरलं होतं. पण धूळ कुठे संपते आणि फोटो कुठे सुरू होतो हे नेहमी कळतंच असं नाही. शिंप्याच्या त्या फोटोवर पानाच्या कडेला एक पांढरा बारीक चरा होता. मी तो पुसला. मग फोटो मोठा करून पाहिला, तर तो चरा नव्हता, कापसाचा धागा होता, पाखरानं ओवलेला. मी केलेलं काम रद्द केलं आणि उठून बाहेर जाऊन बसले. त्यानंतर प्रत्येक ठिपक्यापाशी मी थांबते. कामाला तिप्पट वेळ लागतो.

एका हिवाळ्यात आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू फार जुना होता. पट्टी निघाल्यावर काही आठवड्यांनी मी हसनाबादला गेले. एका सकाळी ते स्वतःच म्हणाले, चल, तुझ्यासंगं बसतो. गोणपाटांची जागा मी आता नीट करून घेतली होती, दोघांपुरती. शेजारच्यांनी त्यांच्या बाजूची झाडी काढून कपाशी केली होती, आमची तेवढी उरली होती.

बराच वेळ काही आलं नाही. मग टणटणीच्या काळ्या फळांवर हिरवट-पिवळ्या पाखरांचा लहानसा थवा उतरला. मी लेन्स नीट लावली, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, कॅमेरा त्यांच्याकडे सरकवला. इतक्या वर्षांत आबांनी त्यात कधी पाहिलं नव्हतं, मीही कधी दाखवलं नव्हतं. त्यांनी डोळा लावला. मी हळूच सांगितलं, की उजवीकडचं बटण दाबा. त्यांनी दाबलं नाही.

"याच्या डोळ्याभवती पांढरं कडं हाय," ते पुटपुटले.

मी म्हटलं, हो, याला चष्मेवाला म्हणतात.

"सत्तर वर्षं हे इथं येऊन राह्यलं," आबा म्हणाले, "अन् मला त्येचं कडं माहीत न्हाई."

त्यांनी कॅमेरा परत दिला नाही. पाखरं एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर सरकत होती आणि ते कॅमेरा हळूहळू त्यांच्यामागून फिरवत होते, पानाआड गेलं की थांबत, बाहेर आलं की पुन्हा. मी शेजारी बसून गोणपाटाच्या भोकातून नुसत्या डोळ्यांनी तेच पाहत होते. थवा ओढ्यापलीकडे गेला तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं.

त्या सकाळचा एकही फोटो निघाला नाही.